खिशातली चावी

हात पुसायला चिंधी काढावी म्हणून मामांनी डांगरीच्या मांडीवरच्या खिशात हात घातला, आणि चिंधीला चिकटून एक चावी बाहेर आली. ती खाली पडली, दोनदा उडाली आणि जॅकच्या चाकापाशी जाऊन थांबली.

मामा तिच्याकडे नुसते बघत उभे राहिले.

अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा. एका तोंडाला पान्हा बसेल असा सहा कोनांचा आकार आणि दुसऱ्या तोंडात वेडीवाकडी नक्षी. चाकाच्या पाच नटांपैकी एक नट चोरांना अडवण्यासाठी असतो. मामा काम करत त्या टायरच्या दुकानात त्याला चोरनटच म्हणायचे. तो साध्या पान्ह्याला दाद देत नाही. त्याच्या डोक्यावरची नक्षी आणि चावीतली नक्षी जुळली तरच फिरतो. एका गाडीची चावी दुसरीला चालत नाही. चावीवर आकडाबिकडा काही नसतो, नक्षी हीच तिची ओळख. काम संपलं की चावी गिऱ्हाइकाच्या गाडीत जाते. मामांच्या खिशात तिला काही काम नव्हतं.

गेल्या महिन्यात गावात कुणीतरी चार गाड्यांची चाकं रातोरात उतरवून नेली आणि गाड्या विटांवर ठेवून दिल्या. तेव्हापासून ज्याच्याकडे चाक आहे तो चोरनट बसवायला दुकानात येत होता. चोरांनी चाकं नेली आणि वहिनींच्या दुकानाची चाकं फिरायला लागली, वहिनींनीच चोर पाठवले असतील, असं बॅटरीवाला शेजारी हसून म्हणायचा. वहिनी म्हणजे मामांच्या दोस्ताची बायको. दोस्त जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून फोन, वही आणि गिऱ्हाइकांची तोंडं त्या सांभाळत, आणि चाकं मामा.

आज सकाळपासून चोरनटाचं काम एकच झालं होतं. चष्म्याच्या दुकानाचे मालक, बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई, पाच माणसं गाडीत कोंबून घाटापलीकडे बहिणीकडे निघाले होते. तासापूर्वी गेले. घाई म्हणजे किती घाई, मामा चाकाशी बसलेले असतानाच त्यांनी एकदा हॉर्न वाजवला होता.

मामांनी चावी उचलली.

कामाचा क्रम ठरलेला होता आणि तो मामांनीच दुकानाला घालून दिला होता. चाक चढवायचं, पाचही नट हाताने बसवायचे, जॅक उतरवायचा, आणि गाडीचा भार चाकावर आला की मोठ्या पान्ह्याने एकेक नट ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत आवळायचा. चोरनट सगळ्यात शेवटी. शेवटच्या चाकाचा चोरनट आवळला की चावी उचलायची ती थेट गिऱ्हाइकाकडे. मध्ये खिसा नाही. म्हणजे चावी खिशात राहिली असेल, तर शेवटच्या चाकाचं शेवटचं काम झालेलंच नाही. आणि हाताने बसवलेले नट दहा-वीस किलोमीटर धीर धरतात, मग हळूहळू फिरायला लागतात. सपाट रस्त्यावर चाक आधी थरथरतं, माणसाला सावध करतं. घाटातल्या वळणावर सावध होऊन उपयोग काय?

त्यांनी आठवून बघितलं. हॉर्न आठवला. म्हातारीच्या मांडीवरची पिशवी आठवली. पुढे काहीच नाही.

दुकानामागे गटार होतं, वर लोखंडी जाळी. मामा चावी घेऊन तिथपर्यंत गेले. जाळीच्या फटीतून ती सहज गेली असती. कुणाला कळलं नसतं, आणि काही झालंच असतं तर गाडीचं नशीब, रस्त्याचं नशीब, असं म्हणायला जग मोकळं होतं. उन्हाळ्यात एका टॅक्सीला एक नट लावायचाच राहिला होता. टॅक्सीवाल्याने दुकान डोक्यावर घेतलं. वहिनींनी त्याला नटाचे आटेच खराब होते असं सांगून वाटेला लावलं आणि मामांना फक्त ‘जेवून घ्या’ म्हणाल्या. त्या दोन शब्दांची मामांना टॅक्सीवाल्याच्या शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटली होती. साठीला आलेल्या, दुसरं काही न येणाऱ्या माणसाला घरी बसा म्हणायला तेवढेच शब्द लागतात.

जाळीपाशी ते किती वेळ उभे होते कुणास ठाऊक. मग वळले आणि गल्ल्यापाशी येऊन त्यांनी चावी वहिनींच्या वहीवर ठेवली.

“चष्मेवाल्यांची,” ते म्हणाले. “माझ्या खिशात राहिली. शेवटचं चाक आवळलं की नाही, मला सांगता येत नाही.”

वहिनी ओरडतील असं त्यांना वाटलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. चावीकडे बघता बघता त्यांचा चेहरा उतरला आणि त्यांनी फोन उचलला. फोन लागेना. परत लावला. मग त्यांनी वही काखेत मारली, मोठा पान्हा स्वतः उचलून पिकअपमध्ये टाकला आणि बॅटरीवाल्याला दुकानाकडे बघायला सांगितलं.

“बसा मामा.”

पिकअप दोस्ताची होती आणि वहिनी ती दोस्तासारखीच, म्हणजे वाईट, चालवायच्या. आज मामांना ती हळू वाटत होती. दर पाच मिनिटांनी ते फोन लावत आणि एक बाई त्यांना गोड आवाजात सांगे की समोरचा माणूस संपर्काबाहेर आहे. संपर्काबाहेर म्हणजे घाटात. म्हणजे गाडी घाटात शिरली. घाटाच्या पायथ्याशी वळणाला लागून एक टायर आडवा पडलेला दिसला आणि वहिनींनी इतक्या जोरात ब्रेक दाबला की मामांचं कपाळ काचेवर आपटलं. टायर जुना होता, झिजून गुळगुळीत. त्यावर चुन्याने ‘पंक्चर’ लिहिलेलं होतं आणि पुढे बाण. वहिनींनी पुन्हा गिअर टाकला.

चढ सुरू झाला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला गुडघाभर उंचीचा कठडा, आणि कठड्यापलीकडे काहीच नाही. मामा प्रत्येक वळणाला कठडा बघत होते. एके ठिकाणी तो तुटलेला होता. तुटलेल्या दगडांवर शेवाळ होतं. जुनंच तुटलेलं होतं. त्या म्हातारीच्या मांडीवरच्या पिशवीत काय असेल, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. लेकीसाठी काहीतरी नेत असणार. आपण जिचं तोंडसुद्धा नीट बघितलं नाही त्या बाईसाठी मामा मनातल्या मनात हात जोडत होते.

गाडी घाटमाथ्याच्या अलीकडे दिसली. उभी होती. चारही चाकांवर उभी होती. मुलं कठड्यावर बसून पाय हलवत होती आणि बायको त्यांना मागे ओढत होती. मुलांना गाडी लागली म्हणून थांबले होते, बस्स.

मामा उतरले. ते पिकअपच्या दाराला धरूनच उभे राहिले. चष्मेवाले पुढे आले. काही विसरलो का आम्ही, म्हणून विचारायला लागले. वहिनींनी हसून सांगितलं की नवे नट थोडं अंतर गेल्यावर एकदा पुन्हा आवळून घ्यावे लागतात, तुम्ही घाईत होता, म्हणून म्हटलं आम्हीच येतो. ते खोटंही नव्हतं. अशी माणसं आता राहिली कुठे, असं म्हातारी गाडीतून म्हणाली.

पान्हा वहिनींनीच घेतला. पुढच्या उजव्या चाकाशी त्या उकिडव्या बसल्या. वरचा नट, मग समोरचा, मग तिरका, एकही शेजारचा नट लागोपाठ न घेता. प्रत्येक नटाला पान्हा लागताच टक्. पदर खोचलेला, डावा हात पान्ह्याच्या डोक्यावर, उजव्या हाताने सगळा भार. मामा बघत राहिले. वहिनींना पान्हा चालवताना त्यांनी कधीच पाहिलं नव्हतं, आणि हा हात नवशिक्याचा नव्हता.

चारही चाकांचे साधे नट घट्ट होते. शेवटच्या चाकाचे तर सगळ्यात घट्ट. मामांच्या जिवात जीव आला. म्हणजे आवळले होते आपण. हात विसरले नव्हते. मग चोरनट तपासायला वहिनींनी मामांच्या खिशात सापडलेली चावी नटावर ठेवली. ती बसेना. त्यांनी ती फिरवून बघितली, पुन्हा फिरवली.

“ती कसली चावी?” चष्मेवाले म्हणाले. “आमची तर इथे आहे.” त्यांनी दार उघडून पुढच्या कप्प्यातून चावी काढली. “सकाळी तुम्हीच हातात दिलीत की मामा. जिवापाड जपा म्हणालात.”

मामांनी मान हलवली. होय, म्हणालो असेन, अशा अर्थाची.

ती चावी चारही चोरनटांवर पटापट बसली. टक्, टक्, टक्, टक्. चष्मेवाल्यांनी हात जोडले, मुलं गाडीत बसली आणि गाडी वळणाआड गेली. म्हातारीने काचेतून हात हलवला.

वहिनी पिकअपमध्ये येऊन बसल्या आणि कपाळ स्टिअरिंगवर टेकवून हसायला लागल्या. साप साप म्हणून भुई धोपटली, म्हणाल्या, बॅटरीवाल्याला कळलं तर वर्षभर पुरेल. मामा हसले नाहीत. ते चावी तळहातावर घेऊन बसले होते.

“डांगरी मी रविवारी धुतली,” ते म्हणाले. “खिसे उलटे करून.”

वहिनींचं हसू थांबलं. आज गुरुवार होता, म्हणजे चावी मधल्या तीन दिवसांतल्या कुठल्यातरी गाडीची होती.

एक ट्रक मागून आला, हॉर्न देऊन पुढे गेला. मग मामांनी विचारलं, “पान्हा धरायला कधी शिकलात?”

वहिनी समोर बघत राहिल्या. “उन्हाळ्यात. त्या टॅक्सीनंतर. तुम्ही जेवायला बसलात, हात धुवायला गेलात, की मी गाडी सोडण्याआधी पान्हा फिरवून यायची.”

“सैल सापडायचं?”

“कधीतरी.”

“कधीतरी म्हणजे किती, वहिनी?”

वहिनींनी मांडीवरच्या वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. रागवावं की त्यांचे पाय धरावेत, हे मामांना कळेना. चार महिने ते रोज संध्याकाळी ताठ मानेने घरी जात होते, आणि चार महिने एक बाई त्यांच्या मागून चाकं आवळत होती.

“आणि या आठवड्यात?”

“सोमवारच्या सगळ्या बघितल्या. मंगळवारच्याही,” वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका लहान मामांनी दोस्ताच्या आजारपणातसुद्धा ऐकला नव्हता. “काल नाही. काल इतके फोन होते, मामा, मला जागेवरून उठताच आलं नाही.”

मामांनी वही मांडीवर घेतली आणि बुधवारचं पान काढलं. सात गाड्या होत्या. काल वहिनी फोनवर अडकल्याने साती ओळी मामांच्या स्वतःच्या अक्षरात होत्या, गाडीचा रंग, मालक, फोन. एकेका ओळीवर बोट ठेवून ते वाचत गेले. दवाखान्याची पांढरी. वकिलाची. भाजीचा टेम्पो. चौथ्या ओळीवर बोट थांबलं.

“काही आठवतं?” वहिनींनी विचारलं.

“नाही,” मामा म्हणाले. आपल्याला आठवत नाही, हे त्यांनी आजवर कुणापुढे इतकं सरळ कबूल केलं नव्हतं. “एकही गाडी आठवत नाही. पण आधी हिला लावा.”

वहिनींनी वाकून ओळ वाचली. शाळेची व्हॅन. त्यांनी फोन काढला, बघितला आणि मामांच्या हातात दिला. इथे रेंज नव्हती, आणि पायथा येईपर्यंत येणार नव्हती. पिकअप वळली आणि उताराला लागली.

“शाळा कधी सुटते?”

“तीनला.”

दोन वाजून गेले होते. वहिनींनी ब्रेकवरचा पाय काढला. मामांनी काच खाली केली आणि फोन धरलेला हात बाहेर काढून जमेल तितका वर धरला.