जबड्याआडचा सेनापती

मित्रांनो, एक गुडघा टेकून आणि मान तिरकी करून बसलेला हा जो तुम्हाला दिसतो आहे, तो मी एक जुना सेनापती आहे. माझ्या हातातल्या तोफेने अख्खा ग्रह बेचिराख होतो, असं माझ्या खोक्यावर छापलेलं होतं. माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढी आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, ते मात्र खोक्यावर छापलेलं नव्हतं.

मी यंत्रमानव आहे, म्हणजे रोबो. पण माझ्या अंगात यंत्र असं काही नाही, नुसतं राखाडी प्लास्टिक. एका साच्यात माझा जन्म झाला. बाहेर पडलो तोच सुटासुटा. एका चौकटीला माझे हात, पाय, धड आणि डोकं लटकत होते. डोकं वरच्या कोपऱ्यात, पाय खालच्या. त्यांची एकमेकांशी ओळख बरीच उशिरा झाली.

खोक्यात माझे भाऊही होते. आम्हा सगळ्यांची पोझ एकच. डावा पाय दगडावर, उजवा हात उंच, हातात तोफ, नजर दूरवर. प्रत्येकाला स्वतंत्र दगड होता आणि सगळे दगड हुबेहूब सारखे होते. परग्रहावर इतके एकसारखे दगड कुठून आले, हे आम्ही कुणी विचारलं नाही. सैन्यात असे प्रश्न विचारत नाहीत.

मला विकत घेतलं एका घड्याळजीने. जिन्याखालच्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून, त्याने मला चौकटीतून सोडवलं, कानशीने घासलं आणि जोडलं. मग रंगवलं. जे प्लास्टिक जन्मात कधी गंजणार नाही, त्याच्यावर त्याने मोठ्या कष्टाने गंज रंगवला. शेवटी एका बायकी घड्याळातलं इवलंसं दातेरी चाक माझ्या छातीवर चिकटवलं आणि म्हणाला, "हा सेनापती." माझ्या अंगातलं तेवढंच खरं यंत्र. ते फिरत नाही. मानाची पदकं सहसा फिरत नाहीत.

आमची लढाई दर रविवारी दुपारी व्हायची, घड्याळजीच्या मित्राच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे एक खोली. हा मित्र दातांच्या कवळ्या बनवायचा. गावातले दंतवैद्य त्याच्याकडे मापं पाठवायचे आणि हा त्यावरून प्लास्टरचे जबडे ओतून कवळ्या घडवायचा. काम झालं की जबडे फळीवर जायचे आणि रविवारी तेच टेबलावर यायचे. मित्रांनो, मी ज्या डोंगरदऱ्यांत लढलो, त्या सगळ्या कुणाकुणाच्या दाढा होत्या. आमच्या रणभूमीवरची सगळ्यात मोक्याची जागा म्हणजे एका निवृत्त मुख्याध्यापकांचा खालचा जबडा. त्याचे समोरचे दोन दात पडलेले होते, त्यामुळे तिथे खिंड तयार झाली होती.

आमच्या खेळात एक नियम फार महत्त्वाचा. ज्याच्यावर तोफ डागायची, तो आपल्या रोबोला दिसला पाहिजे. म्हणून खेळणारा हनुवटी टेबलाला टेकवतो, एक डोळा मिटतो आणि रोबोच्या नजरेने बघतो. वाद झाला की कवळीवाला दात तपासायचा छोटा आरसा आणायचा आणि तो जबड्यांमधून घालून निकाल द्यायचा. निकाल नेहमी त्याच्या बाजूने लागायचा. आरसा त्याचा होता.

उभा रोबो लांबून दिसतो. बसलेला लपतो. म्हणून कवळीवाल्याने आपली सगळी फौज कापून, वाकवून, नवी पोझ देऊन बसवली होती. कुणी उकिडवा, कुणी गुडघ्यावर, एक तर चक्क पालथा. याला कला म्हणायचं की लबाडी, हे तुम्ही टेबलाच्या कोणत्या बाजूला बसला आहात त्यावर असतं.

"तुझे सैनिक लढायला आलेत की हरवलेली किल्ली शोधायला?" घड्याळजी विचारायचा.

"तुझा उभाच आहे ना? मग मर."

"मरेल, पण उभा मरेल!"

आणि मी मरायचो. जवळजवळ दर रविवारी. घड्याळजी कोपराने मला हळूच पुढे सरकवायचा, कवळीवाला अंतर मोजायला पट्टी घेऊन धावायचा, आणि दोघंही चहा गार होईपर्यंत भांडायचे. मला ते दिवस फार सुखाचे वाटायचे.

मग घड्याळजीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय अडखळू लागला. जीभ मात्र शाबूत राहिली. घरच्यांनी त्याबद्दल डॉक्टरांचे आभार मानले आणि आठवडाभराने त्यांना थोडा पश्चात्ताप झाला. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी त्याला मळायला एक मऊ गोळा दिला होता. "मी काय बालवाडीत आहे?" असं म्हणून त्याने तो खिडकीत ठेवला. तिथे तो वाळून टणक झाला. दुकान बंद पडलं. आणि एक दिवस आमची सगळी फौज बुटाच्या खोक्यात भरून कवळीवाल्याकडे आली. सोबत निरोप होता, "तूच ठेव. माझ्याच्याने आता होणार नाही."

कवळीवाल्याने खोकं उघडलं. रविवारी त्याने जबडे मांडले, दोन्ही फौजा मांडल्या, आणि एकटाच दोन्ही बाजूंनी खेळू लागला. थोड्या वेळाने त्याने स्वतःशीच एक वाद काढून पाहिला. पण समोरून उत्तर येईना, तेव्हा सगळं आवरून ठेवलं.

मग त्याच्या मनात एक विचार आला. विचार चांगला होता. चांगल्या विचारांनी जे नुकसान होतं, ते भरून काढायला फार वेळ लागतो.

त्याने मला उचललं आणि बारीक करवतीने माझा उजवा हात खांद्यापासून कापला. मला दुखलं का, असं तुम्ही विचाराल. प्लास्टिकला दुखत नाही. पण आपला हात कापणारा माणूस कापताना गाणं गुणगुणत असावा, हे काही बरं वाटत नाही. मग त्याने हातगिरमिटाने खांद्यात भोक पाडलं, टाचणीची तार घातली आणि हात पुन्हा बसवला, पण खाली लोंबता. फट भरायला पुट्टी घेतली. तिच्या दोन पट्ट्या येतात, एक निळी, एक पिवळी. त्या मळून मळून हिरवा गोळा झाला की मगच ती कामाची. त्याने मेणकामाचं हत्यार पाण्यात बुडवून माझा खांदा घडवला. तोफ डाव्या हातात दिली. मान थोडी खाली झुकवली. घायाळ, तरीही उभा! काम इतकं सुरेख झालं होतं की स्वतः कवळीवाल्याचे डोळे पाणावले.

दुसऱ्या दिवशी पुट्टी कडक झाल्यावर तो मला खिशात घालून घड्याळजीकडे गेला. घड्याळजी पलंगावर होता. त्याने मला डाव्या तळहातावर घेतलं. माझा लोंबता हात पाहिला. मग स्वतःचा पाहिला.

"माझा पुतळा उभारलास होय रे?"

"अरे, तसं नाही..."

"चौकात बसव. खाली पाटी लाव. अजून गेलो नाहीये मी, तेवढं त्यात लिही." त्याने मला चादरीवर टाकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "जा आता. मला झोप येतेय."

झोप येत नव्हती. ते मला आणि कवळीवाल्याला दोघांनाही कळत होतं.

कवळीवाल्याने मला उचललं. घड्याळजीची बायको त्याला सोडायला दारापर्यंत आली. "भावजी, एक सांगू? रागावू नका."

"सांगा ना, वहिनी."

"ह्यांना भेटायला येणारा प्रत्येक जण डोळ्यांत पाणी आणतो. शेजारचे आणतात, माझा भाऊ आणतो. इस्त्रीवाला कपडे द्यायला आला, त्यानेही आणलं. आता तुम्हीही." तिने माझ्याकडे एक नजर टाकली. "घरात नुसती ओल झालीय. ह्यांच्याशी नीट भांडायला म्हणून कुणी येतच नाही."

वाटेत मी पुन्हा कवळीवाल्याच्या खिशात होतो. खिशात मला त्याचं बोट लागत होतं. एकदा तो मध्येच थांबला आणि हसला. मित्रांनो, त्या हसण्याने मला धोक्याची जाणीव झाली.

त्या दुपारी त्याने मला कंबरेतून कापलं, दोन्ही गुडघ्यांतून कापलं आणि माझा जन्मापासूनचा दगड पायाखालून काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग मला चक्क पालथं घातलं. पोट जमिनीला, पाय मागे पसरलेले, नाक मातीत. ज्याने आयुष्यभर उभं राहून मरण पत्करलं, तो मी सरडा झालो. पुट्टी वाळल्यावर त्याने मला मुख्याध्यापकांच्या जबड्यामागे ठेवलं, फोटो काढला आणि वहिनींच्या मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं, "फौज मला दिलीस ना? रविवारपासून तुझा सेनापती माझ्याकडून लढेल. आता दिसतो का बघ."

उत्तर आलं नाही. रविवार आला. कवळीवाल्याने जबडे मांडले आणि उगाचच एक भांडं प्लास्टर कालवत बसला. त्याचं लक्ष दाराकडे होतं. इतक्या पातळ प्लास्टरच्या जबड्यावर घडवलेली कवळी कुणाच्याही तोंडात बसली नसती.

आधी काठीचा आवाज आला. मग, काठीच्याही पुढे, घड्याळजीचा आवाज.

"कुठे आहे तो? कुठे आहे तो दात कोरणारा?"

वहिनींनी त्याला दंडाला धरून आत आणलं. तो घामाघूम झाला होता आणि कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदाच त्याचा चेहरा लाल दिसत होता.

"माझ्या माणसाला लोळवलंस?"

"तुझा कसला? माझा. खोकं पाठवलंस तू."

"ठेवायला दिलं होतं, लेका! कापायला नाही! आणि ही लबाडी आहे. उभा रोबो उभाच धरायचा, नियम आहे!"

"दाखव कुठे लिहिलाय."

"आरसा आण."

"आरसा माझा आहे."

"म्हणूनच मागतोय. विकत घ्यायला निघालो असतो तर दुकानात गेलो असतो."

वहिनी भिंतीपाशी स्टुलावर बसल्या आणि फळीवरचे जबडे लक्ष देऊन पाहू लागल्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

घड्याळजीने हनुवटी टेबलाला टेकवली. दातांच्या खिंडीतून पाहिलं. मी दिसत नव्हतो. तो आणखीच भडकला. "याला उठवायचा. आत्ताच्या आत्ता."

"उठव की. हे बघ, माझे हात भरलेत." कवळीवाल्याने प्लास्टरचे दोन्ही हात वर केले. ते कोपरापर्यंत भरलेले होते. प्लास्टर कालवताना इतकं भरायची काहीच गरज नसते. "करवत तिथे आहे. पुट्टी डबीत. मळून घे."

घड्याळजी क्षणभर थांबला. मग खुर्चीवर बसला. वहिनींनी मला लाकडी चिमट्यात अडकवून दिलं. त्याने डाव्या हाताने करवत चालवली. तीनदा घसरली, चौथ्यांदा लागली. माझे गुडघे सुटले. मग त्याने पुट्टीच्या पट्ट्या घेतल्या आणि डाव्या हातात मळू लागला. निळं एकीकडे पळे, पिवळं दुसरीकडे. एका हाताने पुट्टी मळली जात नाही, मित्रांनो. तिला दाबायला खाली दुसरा हात लागतोच.

कवळीवाला प्लास्टरचे हात वर धरून पोलिसांना शरण आल्यासारखा उभा होता.

घड्याळजीने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, टेबलावर उताणा ठेवला, त्याच्या तळव्यात तो गोळा ठेवला आणि वरून दाबू लागला. दाबला, उलटवला, दाबला. मध्येच उजवी बोटं जराशी मिटली. इतकी जराशी की फक्त भिंग लावून काम करणाऱ्यालाच दिसावं. घड्याळजीला दिसलं. त्याने वर पाहिलं नाही. दाबत राहिला.

"नीट मळली गेली नाही," थोड्या वेळाने कवळीवाला म्हणाला. "पट्टे राहिलेत. निळे दिसतायत."

"गप बस. प्लास्टर वाळलं बघ तुझं. आता हात फोडून काढ."

तर माझी आजची पोझ ही अशी तयार झाली. एक गुडघा जमिनीवर, दुसरा पाय उठायच्या बेतात. उजवा हात पुन्हा थोडासा वर. पुरता नाही. उजव्या गुडघ्यावर निळे-पिवळे पट्टे तसेच आहेत आणि त्यांच्या मधोमध घड्याळजीच्या उजव्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. गुडघा बसवताना त्याने तो अंगठा डाव्या हाताने धरून तिथे टेकवला होता. पुढच्या रविवारी कवळीवाल्याने ठसा पॉलिश पेपरने घासून रंगवू का, असं विचारलं. घड्याळजी म्हणाला, "हात लावून तर बघ."

मी आता म्हातारा झालो आहे. छातीवरचं चाक सैल झालंय, गंज रंगवलेला होता तोही उडू लागलाय. तुमच्याही घरात कपाटावर, खोक्यात माझ्यासारखा कुणीतरी पडला असेल. त्याची धूळ ओल्या फडक्याने पुसू नका, मऊ ब्रशने झटका. कुठे फट दिसली तर भरा, हात निखळला तर जोडा. पण एखादा ठसा दिसला तर तो घासण्याआधी जरा विचारा, कुणाचा आहे.

आणि एक विनंती. मी आता ना धड उभा, ना धड पालथा. त्यामुळे मुख्याध्यापकांच्या खिंडीतून माझं टाळकं दिसतं असं एक जण म्हणतो आणि दिसत नाही असं दुसरा. दर रविवारी आरसा निघतो, पट्टी निघते, चहा गार होतो. घड्याळजी कोपराने मला पुढे सरकवतो. हल्ली कधीकधी उजव्या कोपराने. मित्रांनो, तुम्ही कधी त्या खोलीवरून गेलात आणि आतून आरडाओरडा ऐकू आला, तर कृपा करून ते भांडण मिटवायला आत जाऊ नका.