भाताची पावडर

ठक, ठक, ठक.

दुपारच्या शांततेत दाराच्या फळीवर तांबीचा मागचा पाय आपटायला लागला आणि झोळीत आत्ता कुठे डोळा लागलेला संदेश दचकून रडायला लागला.

तांबी आमची कुत्री. विटकरी रंगाची, एक कान मोडलेला. ओटीवर दाराला टेकून बसायची, आणि कान खाजवायला पाय उचलला की तो कानाला कमी अन् फळीलाच जास्त लागायचा. यंदाचा, म्हणजे शहाण्णव सालचा, भाद्रपद सरत आला होता. बांधावरचं गवत कमरेएवढं झालेलं, त्यातून फिरून येणाऱ्या प्रत्येक जनावराच्या अंगावर गोचीड. तांबीच्या कानात तर घोस लागले होते, राखाडी, फुगून तुरीच्या दाण्याएवढे झालेले. बोटांच्या बेचक्यात, मानेखाली, शेपटीच्या मुळाशी. चार दिवस ती भाकर अर्धी टाकत होती, सावलीतून उठत नव्हती. हे सगळं मला दिसत होतं. पण खरं लिहायचं तर त्या दुपारी मी उठले ती तिच्या खाजेसाठी नव्हे. माझा तास मोडला म्हणून उठले.

सात महिन्यांचं पोर अंगावर पिणारं. नवरा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर, रविवारी यायचा. सासूबाई शेतावर. पाच वर्षांची समीक्षा बालवाडीतून येईपर्यंतचा तो एक तास माझा असायचा. त्यात मी केस विंचरायची, जुन्या वहीत चार ओळी लिहायची, नाहीतर नुसती भिंतीला पाठ टेकून बसायची. संदेशला पुन्हा थोपटून झोपवलं आणि पडवीतल्या खुंटीवरची पिशवी काढली. भातावरच्या किडीला धुरळायची पांढरी पावडर होती, तळाला दोन मुठी उरलेली. सासरे होते तेव्हा बैलांच्या गोचिडांना तीच चोळायचे. मी लहान असताना उवा झाल्या म्हणून आईने अशीच पावडर माझ्या डोक्यात घालून वर फडकं बांधलं होतं, दिवसभर. उवा गेल्या होत्या.

मी तांबीच्या कानात, मानेवर, पोटावर ती चोळली. ती शहाण्यासारखी उभी राहिली. शेपटीसुद्धा हलवली. मी हात धुतले आणि आत आले.

ठकठक थांबली. संदेश झोपला. मी वही काढली. केवढी शांत दुपार होती ती!

बाहेर तांबी अंग चाटत होती. तो आवाजही मला गोड वाटला.

समीक्षा आली ती दारातूनच ओरडत. "आई, तांबीला थंडी वाजते!"

थंडी कसली, ऊन होतं. बाहेर येऊन बघितलं तर तांबी चारी पाय फाकवून उभी, मानेचं कातडं नुसतं थरथरतंय, आणि तोंडातून लाळेची तार थेट जमिनीपर्यंत. डोळे माझ्याकडे होते, पण मला बघत नव्हते. दोन पावलं टाकली आणि कुशीवर पडली. पाय झाडायला लागली.

"वयनी, पोरीला आत घे!"

कुंपणापलीकडून शेजारचे चांगोभावजी ओरडले. त्यांनी कुंपण ओलांडलं तेव्हा हातात दांडका होता. "पिसाळली ती. लाळ बघ, नजर बघ. आत घे बोलतो ना!"

चांगोभावजींना मी कधी दोष देणार नाही. चार वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्या भावाला, रामूला, पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. पायाला नुसता ओरखडा. हळद लावली आणि विसरले. दोन महिन्यांनी रामू पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागला. त्याला खाटेला बांधणारे हात चांगोभावजींचेच होते.

मी समीक्षाला आत ढकलून कडी लावली. ती आतून दार बडवायला लागली. "काका, मारू नका! ती माझी आहे!"

इतक्यात सासूबाई गवताचा भारा घेऊन आल्या. भारा तिथेच टाकून म्हणाल्या, "काय झाला गो?"

"कुत्री पिसाळली, काकी. बाजूला व्हा."

आणि मी गप्प. किती वेळ ते सांगता येणार नाही, तीन श्वास असतील, चार असतील. मला पावडरीचा वास येत होता, तांबीच्या अंगाचा, माझ्या पदराचा. फक्त मलाच कळत होतं की हे काय आहे. मी काहीच बोलले नसते तर दांडका पडला असता, तांबी गेली असती, आणि लोक म्हणाले असते, बरं झालं, पोरं वाचली. मी काय केलं ते कुणालाही कळलं नसतं. चांगोभावजींनी हात वर केला.

"थांबा!" मी म्हटलं. "मी पावडर लावली तिला. भाताची. दुपारी."

"कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

"गोचिडांना." मग तेवढ्यावर थांबवेना. "संदेश झोपत नव्हता म्हणून."

भावजींचा दांडका तसाच वर. "पावडरीनं अशी लाळ येते? मला येडा समजतेस काय?"

मी पडवीतून पिशवी आणली. दहावीपर्यंत शिकलेली मी. दुकानदाराच्या वहीतलं सासूबाईंना वाचून दाखवायची, आलेली पत्रं वाचायची. या पिशवीवरचं मात्र कधी वाचलं नव्हतं. खाली बारीक अक्षरं होती. मोठ्याने वाचत गेले आणि माझाच आवाज मला परका वाटायला लागला. मुले व पाळीव जनावरांपासून दूर ठेवावे. पोटात गेल्यास लाळ, थरकाप, झटके. अंगावर पडल्यास साबण व भरपूर पाण्याने धुवावे.

चांगोभावजी ऐकत राहिले. मग वाकले, पण जवळ गेले नाहीत. लांबूनच नाकाने श्वास घेतला. "वास तर हाय," म्हणाले. दांडका खाली आला, पण हातातून सुटला नाही.

मी बादली उचलली तशी सासूबाईंनी ती हिसकावली.

"तू लांब हो. पोर अंगावर पितं तुझ्या. एकदा अक्कल गहाण टाकलीस ती पुरे."

या बाईने तांबीला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. "कुत्र्यानं ओटीवर, माणसानं घरात" म्हणायची. तिने खताच्या रिकाम्या पिशव्या फाडून दोन्ही हातांना कोपरापर्यंत बांधल्या आणि कपड्यांचा साबण घेतला. "चांग्या, बघत काय राहतोस? पानी काढ!"

भावजींनी आधी दाव्याचा फास करून तांबीची मान लांबून धरली, तोंड दुसरीकडे राहील अशी. दाव्याचं टोक खांबाला बांधलं आणि मग विहिरीकडे गेले. सासूबाई चोळत होत्या, ते पाणी ओतत होते. पांढरा फेस, त्यात गळून पडलेले गोचीड. एक बादली, दोन, सात. माझ्या अंगणात माझी चूक दुसरी दोघं धूत होती आणि मी ओटीवर उभी होते, आत दोन पोरं रडत होती.

"थोडा तूप पाजू काय?" सासूबाईंनी विचारलं. "ईख उतरतं."

"नको, आत्याबाई," मी म्हटलं. "झटके येतायत. घशात अडकेल."

भावजी पायातली चिखलाची चप्पल तशीच ठेवून सायकलवर बसले आणि धसईला गेले, गुरांच्या दवाखान्यात. डॉक्टर दुसऱ्या गावी होते. दिवस मावळायच्या आत त्यांनी कंपाउंडर गोजरांना आणलं. पिकलेल्या मिशांचा माणूस. हातमोजे चढवून त्यांनी तांबीची मान हुंगली, पापणी वर केली आणि आधी मलाच विचारलं, "पाजलं नाय ना काय?"

"नाही."

"बरं केलंत. आनि धुतलंत ते तर लय बरं केलंत." इंजेक्शन देता देता बोलत राहिले. "बैल अंग एवढं चाटत नाय, बाई. कुत्रं सगळं चाटतं. तुमी वर लावलंत, तिनं आत घेतलं. आता काळोखात ठेवा, आवाज नको. रात काढली तर जगंल."

"पिसाळलेली नाय ना?" चांगोभावजींनी विचारलं.

गोजरांनी सुई पुसून डबीत ठेवली. "सोळा आण्यातले पंधरा आने पावडर. एक आना मी कुनाला देत नाय. दहा दिवस बांधून ठेवा, तोंडाजवळ हात नको, पोरं लांब. पानी पिते का बघा. लाळ कुनाच्या जखमेला लागली असंल तर आत्ताच बोला."

आम्ही तिघांनी आपापले हात उलटसुलट करून बघितले. मी समीक्षाचेही बघितले, बोटन् बोट. काही नव्हतं.

तांबीने रात्र काढली. सकाळी पडूनच होती, पण थरकाप थांबला होता.

दुसऱ्या दिवशी कुंपणावरून हाक आली. "प्यायली काय?" नव्हती. संध्याकाळी पुन्हा. "प्यायली काय?" तिसऱ्या दिवशी सकाळी चांगोभावजी स्वतःच तांब्या भरून घेऊन आले. काठीने परात पुढे सरकवली, लांबून पाणी ओतलं आणि उकिडवे बसले. तांबीने मान उचलली. पाण्याकडे बघितलं. मग जीभ बाहेर काढून प्यायला लागली, लपालपा, परात वाजेपर्यंत. भावजी तसेच बसून राहिले. पाणी संपलं तरी उठले नाहीत. मग रिकामा तांब्या उपडा करून झटकला आणि निघून गेले.

दहा दिवस झाल्यावर गोजर वाटेवरून जाताना थांबले. तांबीचा ओठ वर करून मला हिरडी दाखवली. "गुलाबी पायजे. पांढुरकी दिसली, ताप वाटला, खाणं सोडलं, तर गोचिडांचा ताप समजायचा आनि तिला आणायची." गोचीड कसा काढायचा तेही दाखवलं. चिमटा कातडीला टेकवून धरायचा, सरळ ओढायचा, नखाने चिरडायचा नाही, रॉकेलच्या वाटीत टाकायचा. आता तो माझा तास त्यातच जातो. समीक्षा वाटी धरते आणि मोजते. बेचाळीसपर्यंत मोजलं की पुन्हा एकपासून, कारण पुढचं तिला येत नाही.

मोजता मोजता तिने विचारलं होतं, "आई, औषध लावलं तर तांबी आजारी कशी पडली?"

"ते औषध तिचं नव्हतं ना, बाळा. भाताचं होतं. मी चुकून लावलं."

एवढंच म्हणाले होते. ती "बरं" म्हणाली आणि पुढे मोजायला लागली. मला वाटलं, झालं.

काल समीक्षाला ताप भरला. शहापूरच्या डॉक्टरांनी मागे दिलेली बाटली फळीवर होती. या वेळी मी चिठ्ठी दोनदा वाचली, बाटलीवरची तारीख वाचली, चमच्यात औषध ओतलं आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. बाहेर फळीवर ठक, ठक, ठक सुरू झालं, आधीपेक्षा जरा मंद. संदेश झोळीत चुळबुळला. मी हलले नाही.

समीक्षाने तोंड उघडलं आणि मिटलं. तापाने लाल झालेले डोळे चमच्याकडे लागले होते.

"आई, हे माझंच आहे ना?"

"हो गं, तुझंच."

"पण तुला कसं कळतं?"