खालच्या कोपऱ्यातलं पाणी

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी सकाळी थॉर्नबेक रोव्हर्सच्या मैदानाच्या खालच्या कोपऱ्यात दोन बदकं पोहत होती. क्लबची सेक्रेटरी ग्लेनिस हॅदर्ली हिने आधी त्यांना हाकललं आणि मग फोनकडे धाव घेतली.

सामना दुपारी एकचा. एफ. ए. कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेच्या पात्रता फेऱ्यांतला शेवटचा. जिंकला की पुढे पूर्णवेळ पगारी खेळाडूंचे मोठे क्लब. गावातल्या टॅनरीच्या, म्हणजे कातडी कमावण्याच्या कारखान्याच्या कामगारांनी १८९३ साली रोव्हर्सची स्थापना केली, त्यानंतरच्या शंभर वर्षांत क्लब दोनदा बंद पडला, लढाईच्या काळात मैदानावर मेंढ्या चरल्या, आणि इथवर मजल गेली ती फक्त एकदा, १९३६ साली. तीही परगावी, आणि सहा गोल खाऊन. या मैदानावर असा दिवस कधी उजाडलाच नव्हता.

पण गुरुवारच्या वादळात दिव्यांचा एक खांब आडवा झाला होता. आज खेळ झाला नाही तर सामना मंगळवारी रात्री, म्हणजे दिवे असलेल्या मैदानावर, म्हणजे प्रतिस्पर्धी हॅल्स्टन टाउनच्या घरी. आदल्या संध्याकाळी अध्यक्ष आल्फ सग्डेन म्हणाले होते, "आत्ताच रद्द करून टाकू, लोकांचा हेलपाटा वाचेल."

ग्लेनिस उसळली. "उद्या इथे सामना झाला नाही तर मी सेक्रेटरीपद सोडलं. पुरे?"

आल्फ म्हणाले, "पुरे." ते इतक्या चटकन म्हणतील असं तिला वाटलं नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या नोकरीनंतर तिच्याकडे जो काही वेळ उरे, तो सगळा याच क्लबचा होता.

पंच टिकेल दहाला आले. उंच, सडपातळ, बोलायला कंजूष. वरचा भाग त्यांनी बुटाने दाबून पाहिला आणि मान डोलावली. खालच्या कोपऱ्यात चेंडू टाकला. तो उडाला नाही, नुसता डुबकन बसला.

"इथे खेळता येणार नाही," टिकेल म्हणाले. "अकराला पुन्हा बघतो. तेव्हाचा निकाल शेवटचा."

हॅल्स्टनचे प्रशिक्षक रे डकेट छत्रीखाली उभे होते. त्यांचे दोन बचावपटू जायबंदी होते. मंगळवार त्यांना हवाच होता. "बाई, मैदान छान आहे," ते म्हणाले. "मासे कधी सोडताय?"

"तुमची बस गेली की लगेच," ग्लेनिस म्हणाली आणि ध्वनिक्षेपकाच्या खोलीकडे निघाली.

तिच्या फोनवरून गावातली माणसं आली होती, पण थोडी. हातात खराटे, बादल्या, माती उकरायचे लोखंडी काटे. त्या कोपऱ्याखाली टॅनरीच्या जुन्या टाक्या बुजवलेल्या. पाणी जिरायचं नावच घेत नव्हतं. तेवढ्यात फाटकाशी हॅल्स्टनच्या समर्थकांच्या दोन बसगाड्या लागल्या आणि निळे मफलर थेट चहाच्या टपरीवर तुटून पडले.

ग्लेनिसने बटण दाबलं. "आज सामना व्हावा असं ज्याला ज्याला वाटतं, त्याने खालच्या कोपऱ्यात यावं. मफलरचा रंग विचारला जाणार नाही."

टपरीवरचे निळे मफलर आवाजाच्या दिशेने वळले. मग एक धिप्पाड बाई उरलेलं बेकनचं सँडविच एका घासात संपवून पुढे आली. "मी नोरीन. पहाटे पाचला उठून आलेय. तशीच परत जायला नाही. खराटा कुठाय?"

तिच्यामागून दोन्ही बसगाड्यांमधली माणसं कोपऱ्यात उतरली. डकेट ओरडले, "अहो, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

"ज्याने तिकिटाचे पैसे भरलेत त्याच्या!" नोरीनने उत्तर फेकलं. "तुम्ही मंगळवारी पगार घेऊन खेळाल. माझी मंगळवारी रात्रपाळी आहे!"

आता कोपऱ्यात जत्रा भरली. फर्निचरवाल्याने मोडक्या सोफ्यांच्या स्पंजच्या गाद्या आणल्या. माणसं त्या पाण्यात टाकून वर नाचायची, गच्च भिजल्या की कुंपणापलीकडे पिळायची.

"ए निळ्या, नाचतोयस की झोपलायस?"

"तुमच्या मैदानावर दुसरं करण्यासारखं आहे काय, आजोबा?"

आल्फ सग्डेनही बाह्या सरसावून बादली उचलताना दिसले. ग्लेनिसकडे बघणं मात्र त्यांनी टाळलं.

अकराला टिकेल आले. गर्दी दोन्ही बाजूंना सरली. त्यांनी चेंडू सरपटत सोडला. चेंडू धावला, धावला, आणि कोपऱ्यातल्या निशाणाच्या चार हात अलीकडे गपकन थांबला.

डकेटनी छत्री मिटली. टिकेलनी शिट्टीला हात घातला. 

"साहेब, एक मिनिट!" नोरीनने त्या जागी गादी टाकली आणि अंगाचा सगळा भार देऊन तिच्यावर बसली. "ये गं, तूही बस. लाजतेस काय?" ग्लेनिस तिच्या शेजारी धप्पकन बसली. खालून पचाक् असा आवाज आला, दोघींचे कपडे कंबरेपर्यंत भिजले आणि गादीने पाणी पिऊन घेतलं. मागोमाग कुणीतरी वाळूची बादली उपडी केली.

टिकेलच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांनी चेंडू पुन्हा सोडला. तो वाळूवरून खरखरत गेला आणि निशाणाच्या काठीला थडकला.

"सामना होईल," ते म्हणाले.

असा गलका उठला की बदकं शेजारच्या शेतातूनही उडाली. निळे आणि रोव्हर्सचे पिवळे एकमेकांच्या गळ्यात पडले. आल्फ जवळ आले. "ग्लेनिस, कालचं ते..."

"कोरडे कपडे कुठे मिळतील तेवढं सांगा. मला संघांची नावं वाचायचीत."

दुपारी एक वाजता मैदानाभोवती उभं राहायला जागा नव्हती. हॅल्स्टनने पहिल्या दहा मिनिटांतच गोल केला. नोरीनने खराटा उंचावून ध्वनिक्षेपकाच्या खोलीला सलाम ठोकला. ग्लेनिसने गोल करणाऱ्याचं नाव सपाट आवाजात जाहीर केलं. सेक्रेटरीने पक्षपात करायचा नसतो. उत्तरार्धात रोव्हर्सने बरोबरी साधली. तेही तिने तितक्याच सपाट आवाजात सांगितलं, फक्त टेबलावरचा चहा सांडला.

शेवटची मिनिटं. बरोबरी राहिली तर फेरसामना मंगळवारी, हॅल्स्टनलाच. सकाळची सगळी धडपड पाण्यात. ग्लेनिस बदली खेळाडूचं नाव सांगून बटण बंद करायला विसरली. रोव्हर्सचा आघाडीचा खेळाडू कॉलिन थ्रप चेंडू घेऊन गोलाकडे सुटला आणि अख्ख्या गावाने ऐकलं, "अरे मार ना! मार की, मेल्या, कुणाची वाट बघतोयस?"

थ्रपने मारला. गोलरक्षकाने तो बोटांनी बाहेर ढकलला. टिकेलनी खेळ थांबवून खोलीकडे बोट रोखलं. मैदान हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. ग्लेनिस लालबुंद झाली, तिने बटण बंद केलं आणि जिना उतरून कठड्याकडे पळत सुटली.

ती पोचली तेव्हा रोव्हर्सचा कॉर्नर घेतला जात होता. चेंडू उंच आला, डोक्यांचा एकच गुंता झाला आणि जाळी हलली. कुणाच्या डोक्याने, ते त्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून कुणीच सांगितलं नाही. सांगणारी कठड्यावर चढून, पायातली चप्पल काढून हवेत फिरवत ओरडत होती.