परक्यांच्या कोंडाळ्यात

कार्बन रन कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाने एकोणीसशे त्रेपन्न सालच्या हंगामात एकच काम मनापासून केलं. मार खाल्ला. सप्टेंबरात खाल्ला, ऑक्टोबरात खाल्ला, पेनसिल्व्हेनियाच्या कोळशाच्या पट्ट्यातल्या गावागावांत जाऊन खाल्ला. परतीच्या बसमध्ये पोरं खिडकीला कपाळ टेकून झोपेचं सोंग घ्यायची. गावात उतरलं की गुत्त्याच्या दारात उभे असलेले त्यांचेच बाप विचारायचे, "काय रे, आज तरी चेंडू बघायला मिळाला का?"

शेवटी विश्वस्तांनी कळवलं : एक तरी सामना जिंका, नाहीतर पुढच्या वर्षी संघ बंद. संघ बंद म्हणजे खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या बंद. विश्वस्तांचा अध्यक्ष ऑल्ड्रिच हाच गावच्या खाणीचा मालक. कॉलेजातून हाकललेली पोरं कुठे येतात, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

कप्तान एमिल ह्रुश्कालाही ते ठाऊक होतं. त्याचा बाप खुर्चीत बसून दिवसभर खोकायचा, काळं थुंकायचा, आणि ते भांडं एमिल धुवायचा. शिकायला मिळालं तर एमिल शाळामास्तर होणार होता. नाही मिळालं तर बापाचाच दिवा कपाळावर बांधून खाली उतरणार होता. त्याला दुसरं काही नको होतं. फक्त खाली जायचं नव्हतं.

आता उरला होता नोव्हेंबरअखेरचा, थँक्सगिव्हिंगच्या सणाचा सामना, बेलफील्डशी. तेही हरत आलेले, पण यांच्याइतके नाहीत.

"माझ्या आईने कोबी-शेवयांच्या हालुश्कीचं पातेलं भरून ठेवलंय," बूट बांधता बांधता ड्यूई लास्को म्हणाला. ड्यूई म्हणजे संघातले सगळ्यांत वेगवान पाय, आणि एमिलचा शेजारी. दोघं एकाच गल्लीत गुडघे फोडून वाढलेले. "ती म्हणाली, हरलास तर सगळं डुकराला घालीन."

"डुक्कर कुठंय तुमच्याकडे?"

"तेच विचारलं. म्हणाली, एमिलला बोलव."

सगळे हसले. एमिलने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. कोच बिकफोर्ड दारात आले आणि हसू थांबलं.

"ह्रुश्का, आज मैदानावर सगळं तुझ्या हातात," ते म्हणाले. "बाकावरून मला ओरडता येत नाही, नियम माहीत आहे. आणि माणूस बाहेर काढताना दहादा विचार कर. एकदा गेला की ते सत्र संपेपर्यंत परत आत येत नाही."

तो नवा नियम त्याच वर्षी आला होता. शहाण्या माणसांनी टेबलाभोवती बसून केलेला. पोरांनी चढाईही करायची, बचावही करायचा, आणि बाहेर गेलं तर बसून राहायचं. मोठ्या कॉलेजांकडे बसवायला पोरं होती. कार्बन रनकडे बाकावर होते चार जण, त्यातला एक लंगडत होता.

मैदान म्हणजे काळा चिखल. अर्धा सामना झाला तरी दोन्हीकडे शून्य. चारांतल्या तिसऱ्या सत्रात बेलफील्डचा एक रेडा चेंडू काखेत मारून सुटला. ड्यूई आडवा पडला आणि त्याला पाडलं, पण रेड्याचा गुडघा ड्यूईच्या कानशिलावर बसला. हेल्मेट फटकन वाजलं. ड्यूई उठला, हात झटकले, इकडेतिकडे पाहिलं. मग शांतपणे चालत गेला आणि चाल ठरवायला जमलेल्या बेलफील्डच्या कोंडाळ्यात जाऊन उभा राहिला. वाकला, शेजारच्याच्या खांद्यावर हात टाकला, आणि पुढची चाल ऐकायला लागला.

अख्खं मैदान हसलं. बेलफील्डवाल्यांनी त्याला जागा करून दिली. "ये रे बाबा, तुमच्यात राहून तरी काय मिळणार!" त्यांच्यातला एक म्हणाला. वर सज्जात ऑल्ड्रिच तोंडावर हातमोजा धरून हसत होता. एमिलही हसला. हसत हसतच त्याने ड्यूईला दंडाला धरून ओढून आणलं. जवळून डोळे दिसले तेव्हा त्याचं हसू आटलं. एक बाहुली मोठी, एक लहान.

"ड्यूई, कुठे आहेस तू?"

"आईला सांग, येतोच," ड्यूई म्हणाला.

पंच धावत आले. नियमाप्रमाणे पंच कप्तानाशीच बोलतात. "कप्तान, हा मुलगा ठीक आहे का?"

एमिलने बाकाकडे पाहिलं. कोच बिकफोर्ड बुटाची नाडी बांधत होते. नाडी सुटलेली नव्हती.

बाकावरचा लंगडा त्याला दिसला. बापाचं भांडं दिसलं. ड्यूईशिवाय पळणारं कोणी नव्हतं.

"ठीक आहे," एमिल म्हणाला. "मस्करी करतोय. मुळातच येडा आहे तो."

पंचांनी शिट्टी वाजवली.

त्यानंतर प्रत्येक चालीला एमिल ड्यूईला धरून त्याच्या जागेवर उभा करायचा आणि तोंड कुठे करायचं ते हाताने वळवून दाखवायचा. बाकीच्या पोरांनी पाहिलं. आणि आपापल्या जागी जाऊन उभी राहिली. सगळ्यांच्याच घरी कोणी ना कोणी खोकत होतं.

शेवटच्या सत्रात, सामना सरत आला असताना कार्बन रनची पोरं बेलफील्डच्या शेवटच्या रेषेपाशी पोचली. एमिलने चेंडू ड्यूईच्या पोटात दाबला आणि कानात ओरडला, "पळ!" डोकं हरवलेलं असलं तरी पायांना वाट माहीत होती. ड्यूई मान खाली घालून बेलफील्डच्या दोघांच्या मधोमध घुसला, त्या दोघांची हेल्मेटं त्याच्या हेल्मेटवर आदळली, आणि तो रेषेपलीकडे पडला. टचडाउन! सहा गुण. लोक कुंपण ओलांडून आत धावले. एमिलचा बापसुद्धा खोकत खोकत टाळ्या वाजवत होता.

ड्यूईला खांद्यावर घेऊन नाचले. त्याची मान लटकत होती. लोकांना वाटलं, दमला. न्हाणीघरात गरम पाण्याखाली उभा असताना तो भिंतीवरून घसरत खाली बसला आणि थरथरायला लागला.

इस्पितळात त्याची कवटी उघडून रक्त काढलं. जीव वाचला.

बिकफोर्डसाहेबांनी वर्तमानपत्रवाल्याला सांगितलं, "कप्तानाने बदली खेळाडू मागितलाच नाही. मी बाकावर बसलेला माणूस, मी काय करणार?" नाताळाआधी विश्वस्तांची बैठक झाली. ऑल्ड्रिचने गदगदून भाषण केलं. आपल्या लेकरांच्या जिवापेक्षा खेळ मोठा नाही, म्हणाला. संघ बंद. शिष्यवृत्त्या बंद. जिंकलेल्या सामन्याचा विषय कोणी काढलासुद्धा नाही. संघ त्यांना बंदच करायचा होता. सामना जिंकल्यावर कारण उरलं नव्हतं, ते एमिलने मिळवून दिलं.

फेब्रुवारीत एमिल खाली उतरला. ऑल्ड्रिचच्याच खाणीत.

दर रविवारी तो लास्कोंच्या घरी जायचा. ड्यूईची आई, आना मावशी, दार उघडायची, पण बोलायची नाही. हालुश्कीची थाळी त्याच्यापुढे ठेवायची आणि भांडी घासायला वळायची. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. एका रविवारी पाठमोरीच म्हणाली, "तुला विचारलं होतं ना रे पंचाने?"

"हो, मावशी."

"मग?"

एमिलने थाळीकडे पाहिलं. तिने पुन्हा भांडी घासायला घेतली.

ड्यूई खिडकीपाशी बसलेला असायचा. हात थरथरायचे, शर्टाची बटणं आई लावून द्यायची. त्या दिवशी एमिल जवळ गेला तसा तो उठला, वाकला, एमिलच्या खांद्यावर हात टाकला आणि कान पुढे करून थांबला. पुढची चाल ऐकायला.

एमिलच्या नखांत कोळसा होता, तो कितीही घासला तरी निघत नव्हता. त्याने ड्यूईचं डोकं जवळ घेतलं. टाक्यांची रेघ बोटांना लागली.

"बाहेर जा, ड्यूई," तो म्हणाला. "जाऊन बाकावर बस. तुला लागलंय."

ड्यूईने घाबरून मान हलवली आणि त्याचा खांदा आणखी घट्ट धरला.

"नको," तो म्हणाला. "गेलो तर परत घेत नाहीत."

मागे भांडी घासायचा आवाज थांबला होता. ड्यूई तसाच वाकून चालीची वाट पाहत होता, आणि एमिलला एकही चाल आठवत नव्हती.