दादाची विश्ववेळ

आमचा दादा विमानतळाच्या हवामान कक्षात आहे आणि त्याच्या मते जगात वेळ एकच, विमानांची. आकड्यापुढे झेड लावला की ती विश्ववेळ, मग कुठल्या देशात सूर्य कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही. आम्ही सातासमुद्रापार स्थायिक; इथलं भिंतीवरचं घड्याळ तिच्या चार तास मागे चालतं, म्हणून तो त्याला 'गल्लीची वेळ' म्हणतो. आम्ही हसून सोडून द्यायचो. तिथेच चुकलं.

आईचं ऑपरेशन सकाळी अकराला होतं. धाकटा भाऊ दुसऱ्या देशात वेल्डर. भांडून गेला तेव्हापासून मायलेकांचा अबोला. डॉक्टरांनी धोका लपवला नाही, तेव्हा आईच म्हणाली, "आत जायच्या आधी मला त्याच्याशी बोलायचंय." कामावर त्याचा फोन कुलपात असतो, म्हणून दहाची वेळ आदल्या दिवशीच कळवायची होती. दादाने लगेच मेसेज केला. धाकट्याचं उत्तर आलं, "साहेबांकडून तेवढी सुट्टी घेतली. नक्की करतो."

दहाला आई फोन हातात धरून बसली. साडेदहा झाले. नर्स कवळी काढायला आली तर आईने तोंड घट्ट मिटलं. "थांब गं जरा. कवळी काढली तर माझं बोलणं त्याला कळायचं नाही."

मी धाकट्याला फोन लावत राहिले. नुसता वाजत होता. दादा येरझाऱ्या घालत म्हणाला, "वेळ पाळणं त्याच्या रक्तातच नाही."

शेवटी आईने स्वतःच कवळी काढून माझ्या हातात दिली. "रागच गेला नाही त्याचा," ती म्हणाली. दात नव्हते, तरी मला कळलं.

एकच्या सुमाराला डॉक्टर बाहेर आले. त्यांचा चेहरा बघूनच मी खाली बसले.

दोनला फोन वाजला. धाकटा होता. आवाज एकदम खूश. "ताई, बघ, एक मिनिटसुद्धा इकडेतिकडे नाही. दादाने चौदाशे लिहिलंय, म्हणजे तुमचे दोन. दे आईला."

मी फोन दादापुढे धरला. दादाने फोन घेतला. आता तरी हा रडेल, माफी मागेल, असं मला वाटलं.

"पुढचा झेड वाचला नाहीस का तू?" दादा म्हणाला, आणि चौदाशे झेड म्हणजे आमचे दहा कसे, हे त्याला समजावून सांगू लागला.

आई गेल्याचं अजून त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. कवळी माझ्या मुठीत होती.