आईच्या बाजूला ठेवलेलं पीठ

आई गेल्यापासून बाबा पलंगावर झोपले नव्हते. बाहेरच्या खोलीतल्या खुर्चीत बसूनच रात्र काढायचे आणि सकाळी त्यांचे पाय सुजलेले असायचे. डॉक्टरांचं सांगून झालं, माझं सांगून झालं. लागतो डोळा, एवढंच ते म्हणायचे. पाठ न टेकता माणूस किती दिवस निभावणार, ही काळजी मला कामातही सोडत नसे.

खाण्याचंही तेच. समोर ठेवू ते खायचे, मागायचे काही नाहीत. त्यामुळे मऊ गोल पाव खावेसे वाटतात असं ते आपणहून म्हणाले, तेव्हा मी हातातलं टाकून उठले. कोपऱ्यावरची बेकरी बंद पडली होती आणि दुकानातल्या पावाला ते कापूस म्हणत. मी जन्मात कधी पाव भाजला नव्हता. आत्याला फोन केला. ती आधी पोटभर हसली. पुस्तकं वाचून पीठ फुगत नसतं, म्हणाली, आणि मग नीट सांगू लागली. दूध कोमटच हवं. यीस्टला फेस आला तरच पुढे जायचं. हाताला चिकटतंय म्हणून वरून मैदा ओतत बसायचं नाही. संध्याकाळी ती स्वतःच चाखायला येणार होती. फोन ठेवताना तिने बजावलं, "उबेला ठेव आणि दुप्पट झालं की लगेच काढ. जास्त राहिलं तर बसेल, मग माझ्यापाशी रडू नकोस."

मी मळत राहिले. आधी तो नुसता चिखल होता. मग केव्हातरी, मी दुसऱ्याच कशाचा विचार करत असताना, पिठाने माझी बोटं सोडली आणि ते एकत्र आलं. कानाच्या पाळीसारखं मऊ लागू लागलं.

ऊब मात्र घरात कुठेच नव्हती. स्वयंपाकघराला ऊन शिवत नाही. दुपारचं ऊन येतं ते आईबाबांच्या खोलीत, पलंगाच्या खिडकीकडच्या अंगाला, आणि ती बाजू आईची. मी पातेल्यावर ओलं फडकं टाकलं, ते तिथे ठेवलं, वर दुलई ओढली. ओढल्यावर भानावर आले. दुलईखाली कुणी अंग मुडपून झोपल्यासारखं दिसत होतं.

बाबा दारात उभे होते. काय आहे म्हणून त्यांनी विचारलं.

"पाव आहेत. व्हायचेत अजून."

ते आत आले. जन्मभर गवंडीकाम केलेला माणूस, कललेलं काही त्यांना बघवत नाही. आईच्या बाजूला गादीत खळगा पडलेला आहे, त्यात पातेलं तिरपं बसलं होतं. त्यांनी दुलईखाली हात घालून ते सरळ केलं. हात काढला की पुन्हा कलायचं. उशी लावून पाहिली, जमेना. मी धरतो, तू जा, म्हणाले. आधी काठावर टेकले. वाकून धरायला कंबर साथ देईना, तेव्हा आपल्या बाजूला आडवे झाले आणि हात लांब करून पातेल्यावर ठेवला.

भांडी आवरून मी डोकावले, तर त्यांना झोप लागली होती.

खोलीत दुधाचा, जरासा आंबूस वास भरला होता. ऊन दुलईवरून सावकाश सरकत होतं. पीठ वर येत होतं, त्याच्याबरोबर फडकं, दुलई आणि बाबांचा हात. इतकं हळू, की पाहताना काहीच हलत नव्हतं आणि नजर वळवून पुन्हा पाहिलं की हात आणखी वर आलेला असे. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती फार लांबून, जणू पाण्याखालून ऐकू आली.

पीठ दुप्पट झालं होतं. काढायला हवं होतं. पण त्यांचा हात उचलल्याशिवाय पातेलं निघालं नसतं. मी वाकले, त्यांच्या मनगटापर्यंत बोटं नेली आणि मागे घेतली. मग भिंतीला टेकून जमिनीवर बसले.

आत्या आली ती थेट खोलीच्या दारात. पीठ काठावरून उतू गेलं होतं.

"अगं, पार गेलं ते," ती कुजबुजली.

"जाऊ दे."

तिने भावाकडे पाहिलं, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली.

ऊन गेल्यावर बाबा उठले. बोटांना पीठ, दुलईला पीठ.

"उठवायचं नाहीस का?"

हाक मारली होती, असं मी धडधडीत खोटं सांगितलं.

राहिलेल्या पिठाचे गोळे आम्ही तरीही ट्रेमध्ये मांडले. भाजताना ते फुगायचे सोडून पसरले. आत्याने एक हातात घेऊन टेबलावर आपटला.

"दादा, तुझ्याच कामाचे आहेत. एखादी भिंत उभी राहील."

बाबा हसले. पहिला चावत चावत संपवला आणि दुसऱ्याला हात घातला.

आत्या गेल्यावर मी टेबल पुसत होते. ते खोलीतून बाहेर आले.

"ती दुलई ओली झालीय," म्हणाले. "दुसरी कुठे ठेवते तुझी आई?"

कपाटात, वरच्या फळीवर, असं मी सांगितलं. त्यांनी ती स्वतःच काढून घेतली.