तिकिटाचा डबा बाजारात उतरतो

मित्रांनो, मी एक जुना, लांबुळका, स्टीलचा डबा आहे. पोटात तिकिटांच्या गुंडाळ्या आणि सुटी नाणी, आणि अंगाएवढे लांब झाकण. बँकॉकच्या बसमध्ये हे झाकण उघडमीट करत कंडक्टर गर्दीतून फिरत. खट्-खट्, खट्-खट्! तो आवाज ऐकला की पेंगणारा माणूसही मुकाट्याने खिशात हात घाली.

पत्रेकामाच्या एका काळ्याकुट्ट दुकानात माझा जन्म झाला. तिथून मी आलो तो थेट कंडक्टर लमदुआनताईंच्या हातात. ताईंचा आवाज म्हणजे इंजिनाने मान खाली घालावी असा. "आत सरका हो, आत सरका! दारात काय लग्न लावायचंय?"

आमची बस चतुचाकच्या शनिवारच्या बाजारापाशी संपायची. सकाळी माणसे रिकाम्या हातांनी उतरत आणि दुपारी परतत तेव्हा कुणाच्या कुशीत ऑर्किड, कुणाच्या पिशवीत पाण्यासकट लाल मासा, तर कुणाच्या डोक्यावर अख्खी खुर्ची! मी थक्क होऊन बघत राही. हे सगळे देणारी जागा आहे तरी केवढी? पण डबा बसचा, त्याने पायरी कशाला उतरावी? इतकी वर्षे दाराशी जाऊनही मी बाजार पाहिला नव्हता.

थावीनदादाही आमच्याच बसने येत. ते आंधळे होते. गळ्यात ध्वनिक्षेपकाची पेटी अडकवून बाजारात गाणी म्हणत. पुढे बायको समरुआय, तिच्या खांद्यावर त्यांचा हात. ते म्हणायचे, "मला बाजार कानांनी पाठ आहे. रेडिओवाल्यापाशी डावीकडे, मोठ्या पंख्यापाशी उजवीकडे."

एका शनिवारी पत्र्याने झाकलेल्या त्या बाजारातली वीज गेली. आमची बस शेवटच्या थांब्यावर उभी होती. समरुआय रडत धावत आली.

"ताई, माझा माणूस हरवला! काळोखात लोक बाहेर पळाले, ढकलाढकलीत खांद्यावरचा हात सुटला हो!"

"हाक मारलीस का?"

"घसा बसला. तिथं जो तो कुणाला तरी हाका मारतोय. त्यातली माझी कोणती, कसं कळावं? चुकून मोठ्या रस्त्यावर गेला तर?"

त्या रस्त्यावरच्या गाड्या कुणासाठी थांबत नसत. लमदुआनताईंनी माझ्याकडे पाहिले. पोटातली नाणी त्यांनी ड्रायव्हरच्या मांडीवर ओतली.

"अगं, गाडी सुटायची वेळ झाली!" तो ओरडला.

"चावी काढ. मग नाही सुटत."

आणि मित्रांनो, मी पहिल्यांदा पायरी उतरलो.

काय सांगू! गल्लीतून गल्ली फुटत होती, संपतच नव्हती. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या बारीक रेषा उतरल्या होत्या आणि त्या उजेडात रेशमाचे गठ्ठे, छतापर्यंत रचलेल्या टोपल्या, वाळवलेल्या माकुळ माशांच्या माळा, काचेत फिरणारे हजार मासे दिसत होते. सगळ्या बँकॉकची घरे भरून उरतील एवढ्या वस्तू! एवढ्या अफाट पसाऱ्यात माझा आवाज तो केवढा? तरी ताई मला वाजवत राहिल्या. खट्-खट्, खट्-खट्. माणसांच्या हाका एकमेकींत मिसळत होत्या. माझ्यासारखा आवाज मात्र तिथे दुसरा नव्हता.

पुष्कळ वेळ काहीच झाले नाही. समरुआय प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वाकून बघत होती.

मग मातीच्या कुंड्यांच्या गल्लीतून आवाज आला, "सरकतो, ताई, आत सरकतो!"

कुंड्या चाचपत थावीनदादा आले. समरुआयने आधी त्यांच्या पाठीत धपाटा घातला, मग गळा काढला. "कुठं तडमडला होतात?"

"अगं, पंखे थांबले, रेडिओ थांबले, माझ्या गल्ल्याच पुसल्या गेल्या. पाऊल टाकायची भीती वाटली. आणि तेवढ्यात आपली बस आली!"

त्या दिवशी माझे फार कौतुक झाले. पण पुढे भाडे कार्डावर घेऊ लागले. ताई निवृत्त झाल्या आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात चमचे सांभाळू लागलो. बिजागरी गंजली. आता आपला आवाज कुणाला हवा, असे वाटून मी फार खिन्न झालो होतो.

एके दिवशी समरुआय आंबा आणि चिकट भात घेऊन आली. "ताई, तो डबा देता का? गाड्यांना आता कंडक्टर लागत नाही म्हणे. पण माझ्या नवऱ्याला लागतो."

ताईंनी चमचे काढले, बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडले आणि डोळे पुसत मला तिच्या हाती दिले.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी वस्तू अडगळीत पडली असेल. टाकण्याआधी तिला एकदा तेलपाणी करा, तिचा आवाज ऐका. कुणीतरी तेवढ्याच आवाजाच्या भरवशावर पाऊल टाकत असेल.

आता दर शनिवारी मी समरुआयच्या हातात असतो. मी पुढे, थावीनदादा मागे. तो अफाट बाजार अजूनही माझा पाहून झालेला नाही.